क्लच घसरणे आणि क्लच ऑइल बदलणे

इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडी त्या प्रमाणात वेग घेत नाही, या दोषाला क्लच घसरणे किंवा क्लच स्लिप होणे म्हणतात. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या दाबाने आवळलेली क्लच प्लेट इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवते. ही पकड सुटू लागली की प्लेट तापते, करपट वास येतो आणि झीज आणखी वाढते.

दोष आधी चढावर किंवा भरलेल्या गाडीत जाणवतो. रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेऱ्यांचा काटा झपकन चढला आणि वेग मागेच राहिला, तर निदान जवळजवळ पक्के. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडण्याचीही पद्धत आहे. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. मात्र ही परीक्षा एकदाच करावी, कारण तिनेच प्लेट जळते.

बहुतेक वेळा प्लेट झिजलेली असते. कधी क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून गळलेले इंजिन ऑइल तिच्यावर येते, तर केबलच्या क्लचमध्ये पेडलची मोकळी चाल उरलेली नसते.

केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीत पेडलचा दाब नळीतल्या द्रवातून क्लचपर्यंत पोचतो; हेच क्लच ऑइल. ते बदलले की घसरणे थांबेल, हा समज महागात पडतो. ऑइल कमी झाले किंवा नळीत हवा शिरली तर उलटे घडते: क्लच पूर्ण सुटत नाही, पेडल मऊ लागते, रिव्हर्स टाकताना दाते कुरकुरतात. याला एक अपवाद आहे. पेडलकडच्या मास्टर सिलिंडरमधील ऑइल परतीचे छिद्र बुजले, तर दाब अडकून राहतो आणि क्लच घसरतो. पण तिथेही दुरुस्ती सिलिंडरची करावी लागते.

तरीही ऑइल वेळेवर बदलायलाच हवे. ग्लायकॉलचे हे द्रव हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ या प्रकारच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३०°, तर ओलावा शोषल्यावर १५५° सेल्सिअस धरतात. बदलताना क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावा आणि मगच पेडल सोडावे. ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नये. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नये. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे.

प्लेट झिजलीच असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा प्रेशर प्लेट आणि क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंगही बदलून घेणे शहाणपणाचे.