बालहक्क (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकातील बेळगाव जिल्हा व लगतच्या मराठीभाषक पट्ट्यातील मुलांचे शिक्षण, संरक्षण व विकासाचे हक्क, आणि ते प्रत्यक्षात कितपत मिळतात याची स्थिती. भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९९२ मध्ये स्वीकारला. पुढे शिक्षण हक्क कायदा (२००९), लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो (२०१२) आणि बालन्याय कायदा (२०१५) आले. कायद्यांची उणीव आता फारशी नाही. सीमाभागातले मूल अडते ते दोन राज्यांच्या आणि दोन भाषांच्या मधल्या फटीत.

बालविवाहात ही फट सर्वांत स्पष्ट दिसते. २००६ च्या केंद्रीय कायद्याने बालविवाह गुन्हा ठरतो, पण झालेले लग्न आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करून घ्यायला मुलीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे पूर्ण होण्याआधी न्यायालयात जावे लागते. कर्नाटकाने या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०१७ पासून राज्यात असे लग्न मुळातच शून्य, म्हणजे झालेच नाही असे, ठरते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने इतर राज्यांनीही हे पाऊल उचलावे असे सुचवले. निपाणी-चिकोडीकडच्या सोयरिकी मात्र कागल, गडहिंग्लज, मिरजेपर्यंत जातात. लग्न दोन राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे लागले तर एक कायदा, पलीकडे लागले तर दुसरा. सासरी पोचलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने वकील गाठून हा फरक समजून घ्यावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आकडेही नुसत्या कायद्याची मर्यादा दाखवतात. १८ वर्षांआधी लग्न झालेल्या २० ते २४ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या व पाचव्या फेरीदरम्यान देशात २६.८ वरून २३.३ टक्क्यांवर आले. कर्नाटकात ते २१.४ वरून २१.३ वर, म्हणजे जवळपास जागच्या जागीच राहिले.

बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर दोन्ही राज्यांतून भाविक येतात. मुली देवाला सोडण्याच्या, म्हणजे देवदासी, प्रथेविरुद्ध १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, तेव्हा बेळगाव त्याच इलाख्यात होते. कर्नाटकाचा पहिला स्वतंत्र कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा.

भाषेचा प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा, बेळगाव म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेले तेव्हापासूनचा. त्याच वर्षी राज्यघटनेत आलेले कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगते. शिक्षण हक्क कायदाही ‘शक्य तेथवर’ मातृभाषाच म्हणतो. ‘शक्य तेथवर’ या दोन शब्दांत पुष्कळ मुले हरवतात. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळेचे माध्यम राज्याने लादू नये असा निकाल दिला. त्यामुळे पालकांची निवड सुरक्षित झाली; मात्र गावातल्या सरकारी मराठी शाळेत पुरेसे शिक्षक नसतील तर त्या निवडीला अर्थ उरत नाही. मराठी शाळांत कन्नड शिकवले जाते आणि ते मुलांच्या उपयोगाचेच आहे. सरकारी परिपत्रके मराठीतही मिळावीत ही इथली जुनी मागणी. तिच्याकडे केवळ सीमावादाच्या चष्म्यातून पाहिले जाते, हे खेदाचे आहे. तक्रार कुठे व कशी करायची हे आईबापांना वाचता आले नाही, तर हक्क मुलापर्यंत पोचत नाही.

निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून मुली पाने कातरायला शिकल्या. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकाम धोकादायक ठरवले, पण कुटुंबाच्या मदतीने चालणारा धंदा वगळला आणि इथले काम तर घरातच चालत होते. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी घातली; शाळेनंतर घरच्या, धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करण्याची मुभा मात्र ठेवली. ही मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे घराबाहेरून कळत नाही.

खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांची अडचण निराळी. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे केंद्राचे आदर्श नियम सांगतात. इथे पावसाळ्यात ओढे भरले की वाटाच बंद होतात.

ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांबरोबर आलेली मुले कारखान्यांच्या पट्ट्यात खोपींवर राहतात. त्यांच्यासाठी शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ मोलाचे आहे: दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाचा दाखला उशिरा मिळाला, म्हणून त्याचा प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.