अस्थी पांढऱ्या का होतात?

नाशिकमधल्या पंचवटीच्या अमरधाम स्मशानभूमीत सावडायला गेल्यावर अस्थी नीट पाहिल्या, तर त्या एकाच रंगाच्या नसतात. काही काळ्या, काही निळसर करड्या, बऱ्याचशा पांढऱ्या. चिता कुठे किती तापली, ते त्या रंगावरून कळतं.

हाडाला चिवटपणा देतं कोलॅजेन हे प्रथिन आणि कडकपणा देतं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज. ३००-४०० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रथिनाचा कोळसा होतो, हाड काळं पडतं. आच वाढली की हा कोळसाही जळू लागतो, हाड करडं होतं. ७००-८०० अंशांपुढे उरतं ते पांढरं, खडूसारखं ठिसूळ खनिज. घरच्यांच्या हाती येतात त्या दोन-तीन किलो अस्थी म्हणजे मुख्यतः हेच.

एवढी आच धरायची तर सरणाला तीन-चारशे किलो लाकूड लागतं. शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आधी ते आटावं लागतं. शिवाय उघड्या चितेची बरीच उष्णता आभाळात जाते. दाहिनीच्या भिंती हीच गळती थांबवतात. आतल्या उष्णतारोधक विटा लालबुंद तापतात आणि उष्णता देहाकडे परत फेकतात. १८७४ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात फ्रीडरिक सीमेन्सने काचेसाठी वापरात असलेल्या भट्टीचं तंत्र दहनासाठी वापरलं. पुढे १९०२ मध्ये लंडनच्या गोल्डर्स ग्रीन उपनगरात दाहगृह उभं राहिलं. त्याचं धुराडं मनोऱ्यात दडवलंय आणि रक्षेसाठी शेजारी बाग राखलीय.

आपल्याकडे अशा बागेचं काम गोदावरी करते. रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात, या श्रद्धेने लोक लांबून नाशकात येतात. रसायनशास्त्र वेगळं सांगतं. हे खनिज साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ठिसूळ झालेल्या अस्थींचा भुगा होतो, तो गाळात मिसळतो. विलयाचं खरं काम अग्नीने आधीच केलेलं असतं. मला यात श्रद्धेचा अपमान वाटत नाही, आणि नदीवरचा भार मात्र दिसतो.

म्हणूनच रक्षा शेतात टाकून झाड लावणारी कुटुंबं मला फार मोलाची वाटतात. फक्त एक सांभाळा : ही रक्षा खूप अल्कधर्मी आणि खारट असते. सगळी एकाच खड्ड्यात ओतली तर रोप करपतं. मूठभर रक्षेला दोन-तीन घमेली माती आणि शेणखत मिसळा, उरलेली बांधाबांधाने पसरा.