पहिल्या जॅझ तबकड्यांमधला बेस कुठे गेला?

जॅझ १९१७ साली जन्मलं, असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ने व्हिक्टर कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण ही जॅझची पहिली तबकडी मानली जाते, एवढंच खरं. तो जन्मदाखला नव्हे. पाचही वादक गोरे होते, आणि हे संगीत आपणच निर्माण केलं असा दावा त्यांचा कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य) निक लारोका पुढे करत राहिला. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातले कृष्णवर्णीय आणि क्रिओल (युरोपीय-आफ्रिकी मिश्र वंशाचे) वादक बरीच वर्षं आधीपासून हे वाजवत होते. कॉर्नेटवादक बडी बोल्डनचा बँड १९००च्या सुमारास तिथे गाजत होता. १९०७ साली त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या वादनाचा एक सूरही आज ऐकायला मिळत नाही.

त्याच्या बँडचा एक जुना फोटो मात्र आहे. त्यात कॉर्नेट, ट्रोम्बोन, क्लॅरिनेट तर आहेतच, शिवाय गिटार आहे आणि माणसाच्या उंचीचा डबल बेस हे खर्जातलं तंतुवाद्यही आहे. मग १९२०च्या सुमाराच्या जॅझ तबकड्या ऐका. बँजो खणखणतो, पितळी वाद्यं गर्जतात, पण डबल बेस आणि गिटार जवळजवळ गायब! त्यावरून सुरुवातीचं जॅझ ‘असंच’ होतं, असं मानणारे पुष्कळ. दोष वादकांचा नाही, यंत्राचा आहे.

१९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात सहसा विजेचा संबंध नसे. ना मायक्रोफोन, ना अॅम्प्लिफायर. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने उभे राहायचे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला जोडलेली कोरणी आणि कोरणीखाली फिरणारी मऊ मेणाची चकती. हवेतल्या कंपनांनीच मेणात नागमोडी खाच कोरायची. दुसरी ताकद कुठूनही मिळायची नाही.

आता थोडं गणित. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ५० हर्ट्‌झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) खर्जातल्या स्वराची तरंगलांबी निघते जवळजवळ ७ मीटर. मीटरभर तोंडाचा कर्णा एवढी लांब लाट गोळा करून पडद्यापर्यंत पोचवू शकत नाही. ढोबळमानाने २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा या यंत्राला नीट पकडता यायचा. डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झची, म्हणजे तिचा मूळ स्वर हद्दीच्या कितीतरी बाहेर.

दुसरी अडचण खाचेची. कोरणीचा वेग तेवढाच ठेवायचा तर वारंवारता निम्मी झाली की डोलण्याचा विस्तार दुप्पट होतो. खाचा तर एकमेकींपासून पाव मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या ढोलाचा ठोका जोरात बसला की कोरणी शेजारच्या खाचेत घुसण्याची किंवा घरच्या ग्रामोफोनची सुई उडण्याची भीती. म्हणून ढोल आवरते घ्यायचे आणि ठोकळ्यांची टकटक पुढे आणायची.

मेण पुसून पुन्हा लिहिण्याची सोय नव्हती. चुकलं की नवी चकती. दहा इंची तबकडीत मावायची जेमतेम तीन मिनिटं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांना ज्या कात्रीत राग बसवावा लागला, तीच ही कात्री.

एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी किंग ऑलिव्हरचा बँड जेनेट कंपनीच्या स्टुडिओत आला. स्टुडिओ रेल्वे रुळांना लागून, त्यामुळे गाडी आली की काम बंद. ढोलवादक बेबी डॉड्‌सच्या वाट्याला ढोलांऐवजी लाकडी ठोकळे आले. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट एवढा बुलंद की त्याला बाकीच्यांपासून लांब उभं केलं, असं पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. हे भौतिकशास्त्राला धरूनच आहे: मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी ऊर्जा चौथाईवर येते. (बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज हा हिशेब थोडा बिघडवतो.) आणि बिल जॉन्सन, मूळचा डबल बेस वाजवणारा, तिथे हातात बँजो घेऊन बसला होता.

जुन्या तबकडीतच ‘खरा, उबदार, नैसर्गिक’ आवाज असतो असं सांगून हल्ली महागडी यंत्रं विकली जातात. आवडत असेल तर जरूर घ्या. पण वाजणाऱ्या बँडचे बरेचसे खालचे स्वर ज्या कर्ण्याने गाळले, त्याच्या तबकडीला निदान नैसर्गिक तरी म्हणू नका.

१९२५ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकची मायक्रोफोनवाली पद्धत आली. आता कोरणी हलवण्याचं काम वर्धित वीजप्रवाह करू लागला, पट्टा दोन्ही टोकांना रुंदावला आणि तारांचा बेस तबकडीवर ठळक उमटू लागला. १९२८ मध्ये क्लॅरिनेटवादक जॉनी डॉड्‌सच्या एका छोट्या बँडबरोबर बिल जॉन्सनने व्हिक्टरसाठी मुद्रण केलं. त्यात तो बेसची तार खेचून दांडीवर आपटतो, तो चटका आणि त्यामागचा घुमारा दोन्ही स्वच्छ ऐकू येतात.