ॲनेक्सिन-व्ही किट : रंगवल्यावर पीबीएसने धुऊ नका

‘पॉझिटिव्ह कंट्रोलसुद्धा (मुद्दाम मारलेल्या पेशींचा नमुनासुद्धा) निगेटिव्ह येतोय, किट खराब आहे का?’ मरणाऱ्या पेशी ओळखणाऱ्या या किटबद्दल असे फोन आम्हाला सारखे येतात. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते : रंगवून झाल्यावर पेशी पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणाने) धुतलेल्या असतात.

निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड पटलाच्या आतल्या थरात राखते. ॲपॉप्टोसिस (पेशीचा नियोजित मृत्यू) सुरू झाला की कॅस्पेस-३ हे एन्झाइम ही राखण करणारे फ्लिपेज तोडते, दोन्ही थरांतली लिपिडे मिसळणारे एक्सकेआर८ स्क्रॅम्बलेज चालू करते आणि लिपिड बाहेर येते. मेलेल्या पेशी गिळणारी मॅक्रोफेज पेशी ते टिम-४ या ग्राहीने थेट ओळखते, किंवा गॅस६, एमएफजी-ई८ अशा जोडप्रथिनांमार्फत. ॲनेक्सिन-व्ही याच खुणेला चिकटते, पण कॅल्शियम असेपर्यंतच. अँटिबॉडीने रंगवण्याच्या सवयीने पीबीएसचा वॉश दिला की कॅल्शियम जाते आणि ॲनेक्सिनही सुटते. पेशी प्लेटवरून सोडवणाऱ्या ट्रिप्सिनमधला, कॅल्शियम पकडून ठेवणारा ईडीटीए मागे राहिला तरी तेच होते.

म्हणून पीबीएसचे दोन्ही वॉश रंगवण्याआधी उरका. मग १ लाख पेशी १०० मायक्रोलिटर १एक्स बाइंडिंग बफरमध्ये घ्या, ॲनेक्सिन-व्ही आणि पीआय (पटल फाटलेल्या पेशी रंगवणारा प्रोपिडियम आयोडाइड) प्रत्येकी ५ मायक्रोलिटर घाला, खोलीच्या तापमानाला अंधारात १५ मिनिटे ठेवा. न धुता त्यातच ४०० मायक्रोलिटर बाइंडिंग बफर घाला आणि तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (पेशींची चमक मोजणाऱ्या मशीनवर) चालवा. न रंगवलेली, फक्त ॲनेक्सिनची आणि फक्त पीआयची ट्यूब हवीच; त्यांच्याशिवाय कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्यात होणारी सरमिसळ वजा करणे) करता येत नाही.

‘बफर आम्हीच बनवू, किटमधून वगळा आणि किंमत कमी करा,’ असेही ग्राहक म्हणतात. आम्ही वगळत नाही. पीबीएसमध्ये कॅल्शियम क्लोराइड घातले तर फॉस्फेटचा साका बसतो, म्हणून फॉस्फेट नसलेले हेपीस बफर लागते. शिवाय निर्जल क्षाराचा रेणुभार १११ आणि डायहायड्रेटचा १४७. बाटलीवरचे लेबल न पाहता वजन केले तर कॅल्शियमचे नेमके २.५ मिलिमोलर गाठले जात नाही. आमच्या १०एक्स बफरचा एक भाग नऊ भाग शुद्ध पाण्यात मिसळला की काम झाले.

पेशी मॅक्रोफेजना खायला घालायच्या असतील तर त्यांना आधी ॲनेक्सिन लावू नका. ते फॉस्फॅटिडिलसेरीन झाकते आणि गिळण्याचे प्रमाणच घटते. त्याच तुकडीतला थोडा भाग वेगळा काढून रंगवा. उरलेल्या पेशींसाठी, गिळल्यावर मॅक्रोफेजच्या आतल्या आम्लतेत उजळणारा डाय (रंग) आमच्याकडे स्वतंत्र मिळतो. नुसत्या बाहेरून चिकटलेल्या पेशी त्यात जवळपास दिसत नाहीत, तरीही ४ अंश सेल्सिअसची, म्हणजे थंडीमुळे गिळणे थांबलेली, कंट्रोल प्लेट ठेवाच.