आधी टाकी, मग पंप: संगणकाच्या वॉटर कूलिंगमधून हवा काढण्याची पार्श्वभूमी

कस्टम लूप, म्हणजे सुटे भाग आणून घरीच केलेले संगणकाचे वॉटर कूलिंग, पहिल्यांदा जोडणारे लोक ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) कोणता घ्यायचा, रेडिएटर (तापलेले पाणी गार करणारी जाळी) केवढा, नळी मऊ की कडक, यावर महिना महिना खल करतात. पंप आणि टाकी मात्र उरलेल्या जागेत कशीबशी बसवली जातात. मग पाणी भरायच्या दिवशी पंप नुसता घरघरतो, नळीतले पाणी जागचे हलत नाही, आणि पंपच सदोष निघाला असे समजून तो परत पाठवायची तयारी सुरू होते. बहुतेक वेळा पंप चांगलाच असतो. त्याने हवा धरलेली असते. विहिरीवर मोटार चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की सक्शनचा पाइप रिकामा होतो, मोटार गरगर फिरते आणि पाणी काही येत नाही. पाइप पाण्याने भरून दिल्याशिवाय ती पाणी उचलत नाही. संगणकाच्या कॅबिनेटमधला मुठीएवढा पंप त्याच जातीचा आहे, सेंट्रिफ्यूगल.

या जातीचा पंप आतल्या पाण्याला गरगरा फिरवून कडेला फेकतो आणि त्या फेकण्यातून दाब तयार होतो. दाब किती, हे आत जे भरले आहे ते किती जड यावर ठरते. हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी. त्यामुळे जो पंप पाणी ४ मीटर उंच चढवतो, तोच हवेने भरलेला असला तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर पाणी खेचेल एवढाच जोर लावतो. टाकी पंपाच्या वर हवी, टाकीचे पाणी आपल्या वजनाने पंपात उतरले पाहिजे, हा आज सगळ्यांना पाठ असलेला नियम या हिशेबातून आला आहे. पण पीसीच्या दुनियेत तो रुळायला बरीच वर्षे गेली.

संगणकात पाणी खेळवण्याची कल्पना पीसीहून जुनी. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ मध्ये बोर्डांवरून तापून आलेली हवा पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन पुन्हा गार केली जाई. १९८० मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ ने पाणी चिपच्या आणखी जवळ आणले. एका मोड्यूलमध्ये शंभराहून अधिक चिप, प्रत्येकीच्या पाठीवर स्प्रिंगने दाबून धरलेला एकेक दट्ट्या, मधल्या पोकळीत हेलियम, आणि त्यावर पाणी वाहणारी थंड पट्टी, अशी ती रचना होती. पाणी फिरवणारी यंत्रणा वेगळ्या कपाटात असे आणि तिची देखभाल प्रशिक्षित तंत्रज्ञ करत. पुढे १९९० च्या दशकात आयबीएमची मोठी यंत्रे बायपोलर चिप सोडून कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिपवर आली, उष्णता एकदम घटली आणि पंख्यांवर भागू लागले. मेनफ्रेमची ही विद्या घरगुती संगणकापर्यंत आलीच नाही, असे मला वाटते. पीसीवाल्यांनी सगळे नव्याने शिकले, आणि शिकले ते भलत्याच धंद्यांकडून.

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावे. ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचे, वेड त्यानंतर झपाट्याने पसरले आणि त्यामागोमाग उष्णताही आली. वॉटर कूलिंगचे तयार सामान तेव्हा जवळपास मिळतच नव्हते. तांब्याच्या ठोकळ्याला भोके पाडून ब्लॉक घरीच बनत. रेडिएटर म्हणून मोटारीतल्या हीटरचा कोअर वापरत. १९७७ च्या पाँटियाक बॉनव्हिल गाडीचा कोअर तर या मंडळींत इतका नावाजला होता की भंगारात त्याचा शोध घेतला जाई. पंप आला मासे पाळणाऱ्यांकडून. जर्मनीतल्या आइहाइम कंपनीचे १०४६ आणि १०४८ हे मत्स्यटाकीचे पंप त्या काळात घरोघर दिसत. पहिला ताशी ३०० लिटरचा आणि ५ वॉटचा, दुसरा ताशी ६०० लिटरचा आणि १० वॉटचा. आवाज जवळजवळ नाही आणि वर्षानुवर्षे न थांबता चालायची सवय. मासे जगवायचे तर पंप बंद पडून चालत नाही, आणि प्रोसेसरचीही तीच गरज होती.

या पंपांची एक अडचण होती. ते घरच्या विजेवर, म्हणजे एसीवर चालत. संगणक सुरू केला आणि पंप लावायचा राहिला, तर ब्लॉकमधले पाणी जागच्या जागी तापे. म्हणून लोकांनी संगणकाच्या १२ व्होल्टवर चालू होणारा रिले (विजेने चालणारा स्विच) मध्ये घातला: संगणक जागा झाला की पंपही जागा. पुढे जर्मनीतल्याच इनोव्हाटेक आणि ॲक्वाकॉम्प्युटर या कंपन्यांनी आइहाइमचा सांगाडा घेऊन त्याला १२ व्होल्टवर चालवणारे इलेक्ट्रॉनिक्स जोडले.

हवेच्या दृष्टीने मात्र ते पहिले बेढब लूप फार शहाणे होते. अनेकांकडे बाजूला एक प्लॅस्टिकचा डबा असे, त्यात पंप बुडवून ठेवलेला, आणि लूपमधून फिरून आलेले पाणी वरून त्याच डब्यात पडे. पंप तळाशी पाण्यात, त्यामुळे तो हवा धरणार कसा? परतलेल्या पाण्यातले बुडबुडे उघड्या पृष्ठभागावर येऊन फुटत. हवा काढणे हे वेगळे काम तिथे नव्हतेच. ते काम आले डबा गेल्यावर, सगळे कॅबिनेटच्या आत बसवून बंद करण्याची हौस आल्यावर.

२००० नंतरच्या काही वर्षांत टाकी नकोच, असे म्हणणारा एक पंथ जोरात होता. पंपाच्या आधी नळीत टी आकाराचा जोड घालायचा, त्याची तिसरी नळी वर नेऊन बूच लावायचे, पाणी तिथूनच भरायचे. जागा कमी, खर्च कमी, प्रवाहाला अडथळा कमी. पण हवा निघायला दिवस दिवस लागत, आणि का ते साध्या गणिताने कळते. मिनिटाला ४ लिटर पाणी १० मिलिमीटर पोकळीच्या नळीतून सेकंदाला सुमारे ८५ सेंटिमीटर वेगाने धावते. पाण्यात बारीक बुडबुडा वर चढतो तो सेकंदाला २-३ सेंटिमीटर, चांगला मोठा असला तर २०-२५. म्हणजे टीपाशी आलेल्या बुडबुड्याला वर वळायला सवडच मिळत नाही, प्रवाह त्याला ओढून पुन्हा फेरीला घेऊन जातो. तेच पाणी ६० मिलिमीटर व्यासाच्या उभ्या टाकीत उतरले की त्याचा वेग सेकंदाला अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी होतो. मोठे बुडबुडे लगेच सुटतात, बारीकही हळूहळू वर येतात. उभी नळकांडी टाकी आज दिखाऊ वस्तू समजली जाते, रंगीत पाणी आणि दिवे घालण्यापुरती. माझ्या मते लूपमधले सर्वांत कामसू अंग तेच आहे. पाणी तिथे मंदावते म्हणून हवा सुटते.

२००४-०५ च्या सुमारास पंपही बदलला. जर्मनीतल्या लाइंग कंपनीचे डी४, मग डी५ आणि डीडीसी हे पंप अमेरिकेतल्या स्विफ्टेकने आपल्या नावाने पीसीवाल्यांना विकायला सुरुवात केली. लाइंगचा धंदा घरातले गरम पाणी फिरवण्याचा आणि सौर हीटरचा. योगायोग असा की लाइंगचे रेमजेक आणि आइहाइमचे डायझीझाऊ ही दोन्ही गावे स्टुटगार्टजवळ, नेकार नदीच्या काठची. पुढे २००९ मध्ये आयटीटी या अमेरिकी कंपनीने लाइंग विकत घेतली आणि २०११ मध्ये तो भाग झायलेम या नव्या कंपनीत गेला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या खोक्यांत आजही डी५ भेटतो, तो याच वंशातला.

लाइंगच्या पंपाला दांडा नाही, आणि म्हणून दांड्याभोवतीचे गळके सीलही नाही. इम्पेलर (पाणी फेकणारे पात्यांचे चक्र) चिकटवलेला वाटीसारखा रोटर एका छोट्या सिरॅमिक गोळीवर टेकून फिरतो आणि बाहेरची कॉइल पातळ भिंतीआडून त्याला चुंबकाने फिरवते. गळतीचा मुद्दाच निकालात निघाला. पण गोळी आणि वाटी यांच्यात वंगण म्हणून असते ते लूपमधलेच पाणी. पंप कोरडा फिरला की ती जोडी घासते. ‘पंप कोरडा चालवू नका’ या इशाऱ्यामागचे कारण हे.

तेव्हापासून भरण्याची जी रीत पडली ती आजही तशीच आहे. मदरबोर्डला वीज द्यायची नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की सप्लाय एकटाच सुरू होतो. १९९५ च्या एटीएक्स मानकाने सप्लाय चालू करण्याचा हुकूम मदरबोर्डकडे दिला, म्हणून ही युक्ती लागते. आधी कागदाच्या क्लिपने करत, आता तयार बूच मिळते. सप्लायला फक्त पंप जोडलेला असतो, म्हणजे कुठे गळती निघालीच तर ओल्या भागात वीज नसते. टाकी भरायची, पंप काही सेकंद चालवायचा, पाणी नळीत पळते, टाकीतली पातळी खाली येते, ती तळाला जायच्या आत पंप बंद. पुन्हा भरायचे, पुन्हा चालवायचे. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांचे पंप खराब होतात.

लूप भरला की उरते ती अडकलेली हवा. हाताने वेग बदलता येणाऱ्या डी५ च्या पाठीवर वेगाची १ ते ५ अशी चकती असते आणि तिचा उपयोग इथे कळतो. पूर्ण वेगाने पंप मोठे बुडबुडे कुटून त्यांचे दुधासारखे बारीक फेसाळ बुडबुडे करतो, ते टाकीतून सुटत नाहीत. वेग उतरवला की पाणी हळूहळू नितळते. उलट रेडिएटरच्या कोपऱ्यात बसलेली हवा मंद प्रवाहाला दाद देत नाही. तिला हलवायला पूर्ण वेग लागतो आणि कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलते करावे लागते. टाकीचे झाकण किंचित सैल, वेग कधी जास्त कधी कमी, असे चालू राहते. पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो तोवर आत हवा आहे. तो थांबल्यावरही दोन-चार दिवस पातळी थोडी उतरते, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेली हवाही बाहेर येते. हवा लवकर सुटावी म्हणून भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा सल्ला जुन्या लोकांनी दिलेला आढळतो. तो मानू नये, फेस झाला की काम दुप्पट होते.

ही सगळी खटपट ग्राहकाच्या नजरेआड नेली ती बंद कूलरनी. डेन्मार्कच्या असेटेकने पंप ब्लॉकच्याच डोक्यावर बसवला आणि लूप कारखान्यातच भरून बंद केला. २००९ मध्ये कोर्सेअरचा एच५० या रचनेवर आला आणि वॉटर कूलिंग सामान्य ग्राहकापर्यंत पोचले. पण आत थोडी हवा राहतेच, आणि रबरी नळीच्या भिंतीतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून उडते तशी ती वाढते. ही हवा लूपच्या सर्वांत उंच जागी जमते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर ती त्याच्या टोकाच्या टाकीत निमूट बसते; रेडिएटर तळाशी आणि प्रोसेसर वर असला तर ती थेट पंपात येते. आधी कुरकुर ऐकू येते, मग तापमान चढते. म्हणून पंप कधीही लूपचा सर्वांत उंच बिंदू होऊ देऊ नये. समोर बसवलेल्या रेडिएटरचे वरचे टोक पंपाच्या वर असले की पुरते.

आता पाणी पुन्हा मोठ्या यंत्रांकडे परतले आहे. २०२४ मध्ये पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत हवामानाच्या अंदाजासाठी सुरू झालेला ‘अर्क’ हा महासंगणक थेट पाण्याने गार होणाऱ्या बुलसेक्वाना या महासंगणकांच्या घराण्यातला आहे. त्याच वर्षी जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ या एका रॅकला (संगणकांच्या कपाटाला) सुमारे १२० किलोवॉट वीज लागते, तिथे पंख्यांचे काम नाही. अशा रॅकमध्ये पाणी वाटणाऱ्या उभ्या पाइपच्या सर्वांत वरच्या टोकाला हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात. युरोपातल्या घरांत हीटिंगच्या पाइपांवर हेच काम करणारे व्हॉल्व्ह फार पूर्वीपासून असतात.