जाळरेषा: विदर्भातल्या वणवा टोळ्यांची पार्श्वभूमी

वनखात्याच्या दफ्तरी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा चार महिन्यांचा. बातम्या येतात त्या मार्च-एप्रिलच्या: डोंगर पेटला, रात्रभर धूर, अमुक हेक्टर खाक. पण हजारभर हेक्टरचं बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा भाग, सांभाळणाऱ्या वनरक्षकाला आणि त्याच्या हाताखालच्या चार-पाच हंगामी फायर वॉचरना, म्हणजे आगीवर पहारा ठेवणाऱ्या मजुरांना, विचारलं, तर ते वर्ष नोव्हेंबरपासून मोजतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, कधी कापली, कधी जाळली, कुठे अर्धवट राहिली, यावर पुढचे चार महिने ठरतात. आज ही टोळी ज्या अडचणीत सापडली आहे, तिचं मूळ ‘जाळणे’ या एका क्रियापदाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

सुरुवात थोडक्यात सांगतो. १८६४-६५ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात, आग पूर्णपणे बाहेर ठेवण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. १८५७ च्या उठावानंतर जप्त झालेलं हे कोरकूंच्या मुलखातलं जंगल. रेल्वेच्या स्लीपरसाठी साग आणि साल हवा होता, आणि दरवर्षीचा वणवा रोपं मारतो, हे डोळ्यांनी दिसत होतं. प्रयोग करणारा लष्करी अधिकारी होता. आग हा शत्रू, सीमा आखायची, पहारा बसवायचा, अशीच त्याची मांडणी होती. प्रयोग यशस्वी ठरला आणि नागपूर, चांदा (आजचं चंद्रपूर), भंडाऱ्यासह सगळ्या प्रांतात ‘अग्निसंरक्षित जंगल’ हा शब्द रुजला. पहाऱ्याला माणसं हवीत म्हणून वनग्रामं वसवली. कसायला जमीन द्यायची आणि बदल्यात जंगलाच्या कामाला, आग विझवायला हजर राहायचं, असा तो व्यवहार. आजच्या हंगामी मजुराचा पूर्वज तोच.

१८७८ आणि मग १९२७ च्या वन कायद्याने हे सगळं कलमांत बसवलं. कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं गुन्हा, आणि ठरवून दिलेला काळ सोडून विस्तव बाळगणं किंवा नेणंही गुन्हा. आग मुद्दाम किंवा घोर हलगर्जीपणाने लागली असं ठरलं, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. म्हणजे काडी एकाने लावायची आणि बैल सगळ्या गावाचे उपाशी. कलम ७९ ने जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाला आगीची खबर देणं आणि ती विझवायला मदत करणं बंधनकारक केलं. ही कलमं आजही लागू आहेत. गावात सभा घेताना वनरक्षक ७९ वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्यांना २६ आठवतं.

आता खरा गुंता. आग बंद करायची, तर ती अडवायला मोकळा पट्टा हवा. पट्टा मोकळा करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तो जाळणं. त्यामुळे ‘अग्निसंरक्षण’ या शब्दाच्या पोटात पहिल्या दिवसापासून जाळणं होतंच. फक्त ते खात्याने केलं की ‘नियंत्रित जाळ’ आणि गावकऱ्याने केलं की ‘वणवा’. कोण जाळतो यावर नाव बदलायचं. कसं आणि कधी जाळतो, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न खात्याच्या आतून पहिल्यांदा आला तो ब्रह्मदेशात. १८९६ मध्ये तिथल्या एका वनाधिकाऱ्याने ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण जरा अतीच होतंय, अशा अर्थाचा लेख लिहिला. वर्षानुवर्षं आग न लागलेल्या ओलसर सागवनात सागाचंच नवं रोप उगवेना, खाली बांबू आणि झुडपं माजली. यावर वीसेक वर्षं भांडण चाललं. वरिष्ठांना हे ऐकवेना, कारण संरक्षित क्षेत्राचा आकडा दरवर्षी वाढता दाखवणं हीच खात्याची कमाई होती. शेवटी पहिल्या महायुद्धाच्या आसपास तिथल्या सागवनांतून संरक्षण मागे घेतलं गेलं. आसाम-बंगालच्या सालवनांतही नव्या रोपांसाठी आग परत आणावी लागली. हंगामाच्या सुरुवातीला, गारव्यात, हलकी आग मुद्दाम फिरवायची, या पद्धतीला वनशास्त्राच्या पुस्तकांत जागा मिळाली.

विदर्भाचं जंगल मात्र कोरडं, पानगळीचं. ब्रह्मदेशाचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागत नाही. इथे दरवर्षी आग फिरली तर साग, ऐन, धावडा यांची रोपं हाताएवढी होऊन पुन्हा जळतात. जमिनीतल्या मुळ्या दणकट होत जातात, वर झाड काही दिसत नाही. म्हणून इथे मधला मार्ग निघाला: जंगल जाळायचं नाही, रेषा जाळायची. मला हा निर्णय मूळात चुकीचा वाटत नाही. चुकलं ते पुढे. रेषा जाळणं ही बारकाईची कारागिरी आहे, हे विसरून ती ‘अमुक किलोमीटर पूर्ण’ अशी अहवालातली एक ओळ झाली.

कारागिरी कसली, ते जवळून पाहा. रेषेची रुंदी कुठे ३, कुठे ६, हद्दीवर १२ मीटरपर्यंत. पाऊस ओसरल्यावर पट्ट्यावरचं गवत कापून तिथेच आडवं पसरतात आणि वाळू देतात. जाळायचा मुहूर्त असा धरायचा, की पट्ट्यातलं कापलेलं गवत खणखणीत वाळलेलं हवं आणि बाजूच्या कक्षातलं, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यातलं, उभं गवत अजून हिरवट, दमट हवं. ही फट काही दिवसांचीच असते. लवकर गेलात तर पेंढी धुमसते, बुडखे तसेच राहतात आणि मार्चमध्ये तेच पेटतात. उशिरा गेलात तर तुमचाच जाळ कक्षात शिरतो आणि मोसमातला पहिला वणवा तुमच्या नावावर लागतो. दव उतरलं की किंवा सूर्य कलल्यावर वारा पडलेला बघून पेटवायचं. चढावर असाल तर वरून खाली, म्हणजे आग हळू सरकते. दोन माणसं काडी घेऊन पुढे, बाकीची दोन्ही कडांना ओल्या फांद्या घेऊन, कडेबाहेर गेलेली जीभ मारत. म्होरक्याने बोलायचं कमी आणि झाडांच्या शेंड्यांकडे बघायचं जास्त, कारण वारा फिरला हे आधी तिथे कळतं.

एवढं करून काम संपत नाही. साग पान टाकतो ते रेषा जळून गेल्यावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वच्छ पट्ट्यावर ताटाएवढ्या वाळक्या पानांचा थर पुन्हा बसतो आणि आगीला पूल मिळतो. तेव्हा पट्टा परत झाडायला हवा, दोनदा, कधी तीनदा. निधी मात्र बहुधा एकदाच कापायचा आणि एकदाच जाळायचा मिळतो. पेट्रोलवर चालणारे ब्लोअर आल्यापासून झाडणं सोपं झालं, हे खरं. दिवसाचं काम तासात होतं. पण त्याचं तोंड चुकीच्या बाजूला वळलं तर तो आगीला फुंकणीसारखं काम देतो, हे प्रत्येक टोळी पहिल्या वर्षी स्वतःच शिकते.

१९६९ मध्ये राज्यात वनोपजाच्या व्यापाराचा कायदा झाला आणि तेंदूपानांचा व्यापार सरकारी नियंत्रणात आला. तेंदूच्या झुडपांना कोवळा फुटवा यावा म्हणून हंगामाआधी खुटकटाई करतात, म्हणजे झुडपं बुडाशी छाटतात. काही ठिकाणी तोच परिणाम काडीने साधला जायचा, अजूनही साधला जातो. मोहाखालचा पाला जाळला की पहाटे फुलं वेचायला सोपी, हे दुसरं कारण. दोन्ही वेळा एप्रिलच्या तोंडाशी, म्हणजे नेमक्या वाईट. वनरक्षकाला हे माहीत असतं, कोणाच्या मोहाखालून आग निघाली हेही बहुतेक माहीत असतं, आणि रात्री ती विझवायला तीच माणसं सोबत लागतात. त्यामुळे गुन्हा अज्ञात इसमावर नोंदवला जातो.

१९८४ मध्ये चंद्रपूर आणि उत्तरेकडे हल्द्वानी-नैनिताल इथे परदेशी मदतीने आधुनिक वणवा नियंत्रणाचा प्रकल्प आला. टेहळणीचे मनोरे, बिनतारी संच, वाहनं, हातातली अवजारं आणि शिकवून तयार केलेली टोळी असा त्याचा साचा होता. आग दिसण्यापासून पोहोचण्यापर्यंतचा वेळ कमी करणं हे ध्येय. तेव्हापासून टोळीचा कस या वेळेवर लागतो.

२००४ पासून आग टिपणाऱ्या उपग्रहाचे इशारे सुरू झाले आणि हे मोजमाप पक्कं झालं. उपग्रहावरच्या पहिल्या उपकरणाच्या चित्रातला एक ठिपका सुमारे १ किलोमीटर बाजूचा, नंतर आलेल्याचा ३७५ मीटरचा. ठिपका बारीक झाल्यावर आगींची संख्या एकदम फुगली. जंगल तेवढंच जळत असतानाही ती फुगली असती. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या काळात देशभरात या बारीक ठिपक्यांनी ३,४५,९८९ नोंदी केल्या. वर्तमानपत्रांनी त्या ‘३.४५ लाख वणवे’ म्हणून छापल्या. एक मोठी आग अनेक ठिपक्यांत दिसते, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पेटून विझलेली दिसतच नाही.

जंगलाच्या कडेला शेतकरी पराट्या, तुराट्या जाळतो, तोही कधी ठिपका होतो. टोळी दुपारच्या उन्हात सात-आठ किलोमीटर तुडवून पोहोचते, तर बांधावर म्हातारा राख सारखी करत बसलेला. आणि खात्याने स्वतः जाळलेली जाळरेषाही वरून तशीच दिसते. उपग्रहाला ‘नियंत्रित’ हा शब्द येत नाही. दीडशे वर्षं जो फरक कागदावर टिकवला, तो त्याने पुसला. मग जाळलं की खुलासा लिहा, म्हणून काही ठिकाणी रेषा नुसती कापून, झाडून ठेवण्याकडे कल वाढला. कागदावर तीही पूर्णच.

एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यात नागझिराच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले, दोन जखमी झाले. त्यानंतर विमा, बूट, हेल्मेट, हंगामी मजुरांना कायम करणं यावर बरंच बोललं गेलं. पण टोळीच्या म्होरक्याला माघार घेण्याचा हुकूम देण्याचा स्पष्ट अधिकार आहे का, यावर फारसं कोणी बोललं नाही. पोहोचायला उशीर झाला तर विचारणा होते. मागे फिरलात तर काय, हे कुठे लिहिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूने २००६ चा वनहक्क कायदा आला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोली-चंद्रपुरातल्या ग्रामसभांकडे जंगलाच्या रक्षणाचा अधिकार गेला, म्हणजे जाळायचं की नाही हा निर्णयही काही प्रमाणात गेला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तिथल्या लोकांनी तेंदूपान तोडणंच बंद केलं, कारण त्यापाठोपाठ फांद्यांची तोड आणि आग येते. बांबूवर भर दिला. पहाऱ्याच्या पाळ्या घरटी लावल्या. वनग्रामाच्या वेळी पहारा जमिनीच्या बदल्यात होता, इथे तो स्वतःच्या जंगलावर. खात्याच्या बीटची हद्द आणि ग्रामसभेची हद्द जिथे लागते, तिथली जाळरेषा कोणी कापायची, यावर अजून दर हिवाळ्यात बोलणी होतात.

१५ जूनला हंगामी मजुरांची हजेरी बंद होते. मृग वेळेवर लागला असेल तर त्याआधीच रोपवनाचे खड्डे सुरू झालेले असतात आणि त्यातली निम्मी माणसं तिकडे गेलेली असतात. ब्लोअर रेंजच्या कोठारात जातो, टाकीत उरलेलं पेट्रोल काढून. जाळरेषेवर ऑगस्टपर्यंत कंबरेएवढं गवत उभं राहतं.