कैलास-मानसरोवर यात्रा: पुण्यातून अर्ज करताना

कैलासाची उंची 6,638 मीटर, पण त्यावर चढायचं नसतं. हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटातले बोन पंथीय, सगळेच त्याला पवित्र मानतात. शिखरावर चढाईला परवानगी नाही. घालायची ती प्रदक्षिणा, साधारण 52 किलोमीटरची.

सरकारी यात्रेचा अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइनच भरायचा. पुण्यात खेटे घालायला कुठलं कार्यालय नाही, एजंटही लागत नाही. 2025 मध्ये शेवटची तारीख 13 मे होती. लिपुलेख खिंडीचा मार्ग (उत्तराखंड) की नाथू ला खिंडीचा (सिक्कीम), ही पसंती अर्जातच द्यायची. जोडीने जायचं असेल तर दोघांचा अर्ज एकत्र भरा.

अर्जदार भारतीय नागरिक हवा. परदेशी नागरिकत्व घेतलेला अमेरिकेतला मुलगा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या) कार्डावर बरोबर येऊ शकत नाही. वय त्या वर्षीच्या 1 जानेवारीला 18 ते 70. पासपोर्ट 1 सप्टेंबरपासून पुढे किमान सहा महिने चालणारा हवा. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण दिवाळीतच उरका.

खरी मेख आहे बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची: 25 किंवा त्याखाली. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला 68 किलोच्या आत राहावं लागतं. अर्जात आपण काहीही लिहू, तपासणी होते दिल्लीत, आणि पुन्हा वाटेत उंचावर आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे) डॉक्टर बघतात. तिथे नापास झालात तर परत फिरायचं. भरलेले पैसेही जातात. प्रदक्षिणेतली डोल्मा ला खिंड 5,600 मीटरच्या वर आहे, तेव्हा हा नियम जाचक म्हणवत नाही. सिंहगड दर रविवारी चढा, फक्त वरच्या भज्यांचा हिशेब ठेवा.

निवड संगणकीय सोडतीने होते, वशिला चालत नाही. 2025 मध्ये 5,561 अर्ज आले, जागा 750. नाव लागलं की मुदतीत पैसे भरून जागा पक्की करायची.

दिल्लीला जाताना मूळ पासपोर्ट, फोटो, स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर त्यासाठीचं संमतीपत्र लागतं. आणखी एक कागद असतो: यात्रेत मृत्यू झाल्यास अंत्यसंस्कार चीनच्या हद्दीतच करायला संमती. त्यावर सही करण्याआधी घरच्यांना दाखवा. नोटरीसमोर पहिल्यांदाच वाचलात तर हात थबकतो.